जुन्या ३१८ डेट्रॉइटमधून जास्त दम काढायचाय: मोठे इंजेक्टर, टर्बो, की सरळ ८व्ही९२?

अमेरिकेत सत्तरच्या दशकातला केनवर्थ किंवा पीटरबिल्ट ट्रक घेतला आणि बॉनेटखाली डेट्रॉइट डिझेल कंपनीचं आठ सिलिंडरचं ८व्ही७१ इंजिन निघालं, म्हणजे तिकडचे ट्रकवाले ज्याला नुसतं '३१८' म्हणतात ते, तर आवाजावर जीव जडतो हे खरं पण लोड घेऊन घाट चढायला लागलं की ३१८ हॉर्सपॉवर कमीच वाटते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या इंजिनाला सक्शन स्ट्रोकच नाही. गिअरवर फिरणारा रूट्स ब्लोअर (हवा ढकलणारा पंप) लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, भोकांतून हवा आत ढकलतो, आणि धूर वर हेडमधल्या व्हॉल्व्हमधून बाहेर जातो. (आपल्या रेल्वेची डब्ल्यूडीजी-४ इंजिनं पण अशीच टू-स्ट्रोक डिझेल आहेत, त्यामुळे हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही.) म्हणजे बिनटर्बोच्या इंजिनात हवा ब्लोअर देईल तेवढीच, डिझेल मात्र तुम्ही वाटेल तेवढं वाढवू शकता, आणि सगळी गोची तिथेच आहे.

मोठे इंजेक्टर हा सगळ्यात स्वस्त रस्ता. ३१८ मध्ये एन६५ असतात, म्हणजे फुल रॅकला (रॅक म्हणजे इंजेक्टरचं डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) एका स्ट्रोकला ६५ घन मिलिमीटर डिझेल. एन७० टाकले तर फरक जाणवतो आणि इंजिन ते सहन करतं, पण बिनटर्बोला त्याच्यापुढे गेलात की जास्तीचं डिझेल नीट जळत नाही, काळा धूर निघतो आणि पिस्टन तापतात. एक्झॉस्टला पायरोमीटर (धुराचं तापमान दाखवणारा मीटर) नसेल तर या नादाला लागूच नका. आणि खरं सांगू का, बऱ्याच जुन्या ३१८ मध्ये मुळात ३१८ सुद्धा उरलेले नसतात, एअर बॉक्स (लायनरभोवतीची हवेची पोकळी) काजळीने भरलेला, एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप गेलेला, आठ रॅकपैकी दोन मागे राहिलेले. रॉकर कव्हर काढून एकेक रॅक बोटाने हलवून बघा, सगळे सारखेच घट्ट लागले पाहिजेत. नुसता नीट ट्यून-अप केला तरी गाडी बदलल्यासारखी वाटते, म्हणून पहिला खर्च तिथेच.

टर्बो ऐकायला भारी वाटतो, आणि हवेचा प्रश्न खरोखर सोडवतो तो हाच. पण वरून टर्बो बसवला की झालं असं नाही. कंपनीच्या टर्बो मॉडेलमध्ये कॉम्प्रेशन १८.७ वरून १७ वर आणलेलं असतं, लायनरच्या भोकांची उंचीही वेगळी, आणि ब्लोअर काढता येत नाहीच कारण स्टार्ट करताना टर्बो काहीच हवा देत नाही. म्हणजे पिस्टन-लायनर बाहेर काढावेच लागतात. इंजिन तसंही ओव्हरहॉलला आलं असेल तर जरूर करा, नाहीतर बाकीचं चांगलं इंजिन उघडायचं काही कारण नाही.

८व्ही९२टीए म्हणजे त्याच कंपनीचं मोठं इंजिन, स्ट्रोक तोच ५ इंच पण बोअर ४.२५ च्या जागी ४.८४, टर्बो आणि आफ्टरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) कंपनीचाच. ४३५ हॉर्सपॉवरवाली आरामात मिळायची, आणि बाहेरून माप जवळपास ७१ एवढंच असल्याने बसवायला फार तोडफोड नाही. पण हे तापलेलं अजिबात खपवून घेत नाही, लायनरच्या ओ-रिंग गेल्या की पाणी एअर बॉक्समध्ये. ७१ चे लायनर ड्राय, म्हणजे त्यांना पाणी थेट लागतच नाही, त्यामुळे ती कटकटच नाही. रेडिएटर मोठा करायची तयारी नसेल तर ९२ घेऊ नका.

माझं विचाराल तर, शोला न्यायची आणि रविवारी फिरवायची गाडी असेल तर ट्यून-अप आणि फार तर एन७०, उरलेले पैसे मागच्या एक्सलचा रेशो बदलायला ठेवा, चढावर त्याचाच जास्त उपयोग होतो. रोज लोड ओढायचा असेल तर ९२. टर्बो फक्त इंजिन उघडलेलंच असेल तेव्हा. ऑइल तिन्हीत सिंगल ग्रेड ४० च, १५डब्ल्यू-४० नको.

आणि रॅकला हात लावल्यानंतर पहिला स्टार्ट मारताना एक माणूस हवेच्या तोंडाशी प्लायवुडचा तुकडा घेऊन उभा ठेवा. रॅक उघडा अडकला तर हे इंजिन चावी काढली तरी पळत सुटतं, आणि हवा तोडणारी जुनी इमर्जन्सी फ्लॅप ऐनवेळी बंद होईलच असं धरून चालू नका.