धरणाकाठी दोन दिवस: शेंडी की बामणोली?

शेंडी म्हणजे भंडारदरा धरणाच्या काठचं गाव. बामणोली कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला. दोन्हीकडे पाणी, पाठीशी सह्याद्री, काठावर बोटी आणि चुलीवरचं जेवण. फोटो बघून निवड करायला बसलात तर फरक कळणारच नाही. आधी महिना बघा, मग सोबत माणसं किती आहेत ते मोजा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

महिना महत्त्वाचा, कारण ही दोन्ही धरणं वेगवेगळ्या कामांची आहेत. भंडारदरा १९१० मध्ये बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. साठा साधारण ११ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), आणि ते पाणी प्रवरेच्या कालव्यांवरच्या शेतीचं. बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरतं, पुढे आवर्तनं, म्हणजे शेतीसाठीच्या पाण्याच्या पाळ्या, सुटत जातात तशी पातळी उतरते आणि मे महिन्यात काठावर भेगाळलेला गाळ उघडा पडतो. कोयनेचा साठा १०५ टीएमसी. त्यातलं बरंचसं पाणी वीज करून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरवलं जातं. एवढा मोठा जलाशय असला तरी बामणोली त्याच्या शेपटाकडे आहे, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी इथून लवकर मागे सरकतं आणि बोटीपर्यंत उघड्या उतारावरून चालत जावं लागतं. थोडक्यात, ‘तुडुंब तलाव’ डोळ्यांपुढे ठेवून एप्रिल-मेमध्ये दोन्हीकडे जाऊ नका. निघण्यापूर्वी पेपरात धरणसाठ्याची टक्केवारी येते ती बघा, हॉटेलवाल्याच्या फोटोंपेक्षा ती खरी.

शेंडीला पोहोचणं सोपं. दादरहून अंतर सुमारे १६५ किलोमीटर, घोटीला वळायचं. समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, तेव्हापासून चारचाकीवाल्यांचा कसारा घाट टळतो. दुचाकीला समृद्धीवर परवानगी नाही, बाईकवाल्यांनी जुना रस्ताच धरायचा. गाडी नसेल तर कसाऱ्यापर्यंत लोकल किंवा इगतपुरीपर्यंत लांब पल्ल्याची गाडी, पुढे एसटी किंवा वडाप. पेट्रोल घोटीलाच भरून घ्या आणि रोख पैसेही जवळ ठेवा. काठावरच्या गावांत रेंज गेली की फोनवरून पैसे देण्याचा प्रश्नच मिटतो.

बामणोलीला मात्र आधी सातारा गाठायचं. मुंबईहून साताऱ्यापर्यंत अडीचशे किलोमीटरच्या वर, पुढे यवतेश्वर आणि कास पठारावरून आणखी पस्तीसेक. रेल्वेने जाणार असाल तर सातारा स्टेशन शहराबाहेर आहे हे लक्षात ठेवा. रात्रीच्या बस पहाटे महामार्गावरच उतरवतात, तिथून स्टँडला रिक्षा लागते. साताऱ्याहून बामणोलीच्या एसटी फेऱ्या मोजक्या असल्यामुळे ट्रेकचे ग्रुप जीप ठरवूनच येतात. दोघांनीच, एसटीच्या भरवशावर जायचं असेल तर बामणोली सोडा.

आता तिथे पोहोचून करायचं काय? या बाबतीत शेंडीच्या आसपास फार काही आहे, म्हणून ठरवावंही फार लागतं. धरणाच्या भिंतीखालचा अंब्रेला धबधबा हा पाणी सोडलेलं असेल तेव्हाचाच. ते नसेल तेव्हा तिथे नुसता गोलसर खडक दिसतो आणि लोक हिरमुसून परततात. रंधा धबधब्याची खरी शोभाही पावसाळ्यात. काठाकाठाने गाडीने चक्कर मारायची तर शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी असा फेरा आहे. तासन्‌तास लागतात ते रस्त्यामुळे नव्हे, थांबण्यामुळे. घाटघरला कोकणकड्यावरून खाली कोकण दिसतं, पण जुलैत धुक्याने समोरचा माणूसही दिसत नाही. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर चुकवू नका. शिलाहारकाळातलं कोरीवकाम आहे आणि गाडी दाराशी जाते, त्यामुळे आजी-आजोबांनाही जमतं. त्याच गावातून रतनगडाची वाट निघते. सांदण दरी साम्रदपासून जवळ, पण पावसाळ्यात त्या घळीत उतरणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि दिवाळीनंतरही आत पाण्याचे डोह लागतात. कोरडी हवी असेल तर डिसेंबरनंतर जा.

फक्त कळसूबाई चढायची असेल तर मुळात शेंडीपर्यंत जाण्याची गरज नाही. घोटीहून येताना बारी गाव आधीच लागतं, वाट तिथूनच वर जाते. उंची १६४६ मीटर, चढायला तीन-साडेतीन तास, वाटेत लोखंडी शिड्या. शनिवार-रविवारी त्या शिड्यांवर चक्क रांगा लागतात आणि ओल्या शिडीवर वरून उतरणारा आणि खालून चढणारा समोरासमोर आले की दोघेही अडकतात. पहाटे पाचला चढायला लागलात तर हा त्रास जवळपास नसतो.

काजव्यांसाठी शेंडीला पर्याय नाही. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस जोर धरेपर्यंत, हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर ते लुकलुकतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य असल्याने वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरावं लागतं आणि रात्री ठरावीक वेळेनंतर आत सोडत नाहीत, म्हणून उजेडातच मुक्कामाच्या गावी पोहोचा. गाडीचे दिवे आणि मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा. काजव्यांचं लुकलुकणं जोडीदारासाठी असतं, त्यावर प्रखर प्रकाश पडला की सगळं झाडच विझतं. दुर्दैवाने शनिवारी रात्री त्या रस्त्यावर काजव्यांपेक्षा हेडलाइट जास्त दिसतात, तेव्हा जमलं तर मंगळवार-बुधवार धरा.

बामणोलीला एवढा पसारा नाही. तिथे एक गोष्ट आहे, वासोटा किल्ला, आणि त्याच्यासाठीच तिथे जायचं. वासोटा, म्हणजेच व्याघ्रगड, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात येतो. आधी ओळखपत्र दाखवून वनखात्याची परवानगी, मग बोटीने दीडेक तास प्रवास करून गडाच्या पायथ्याचं मेट इंदवली, तिथे सामानातल्या प्लास्टिकची तपासणी, मग ओढा ओलांडून दाट जंगलातली चढण. वर बाबूकडा या सरळसोट कड्याची धार बघितली की सगळा खटाटोप वसूल. वेळेचं गणित मात्र घट्ट आहे. सकाळी साडेआठला बोट सुटली तर किनाऱ्याला दहा, माथ्यावर साडेबारा-एक, उतरून चार-साडेचार, आणि अंधार व्हायच्या आत जंगलाबाहेर पडावंच लागतं. अकराला निघालेली मंडळी बहुधा अर्ध्यातून परततात. गडावर किंवा जंगलात मुक्कामाला परवानगी नाही. पावसाळ्यात वासोटा बंद असतो, साधारण दसऱ्याच्या सुमाराला उघडतो, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत पायमोज्यांत जळवा शिरतात. तंबाखूची पूड किंवा मीठ जवळ असू द्या.

इथेच माणसांचा प्रश्न येतो. बामणोलीत भाडं अख्ख्या बोटीचं असतं, माणशी नव्हे. दहा जण असाल तर प्रत्येकाला खर्च जाणवत नाही, दोघं असाल तर चांगलाच खड्डा पडतो. काठावर दुसरा ग्रुप भेटला तर भागीदारी जमते, मात्र परतीची वेळ आधीच पक्की करा, नाहीतर त्यांच्यातला एक दमला की तुमचाही गड राहतो. लाइफ जॅकेट बांधूनच बसा.

सप्टेंबरचा एक सापळा सांगायला हवा. कासच्या फुलांचा हंगाम बघून लोक ‘बामणोलीही करू’ म्हणतात. तेव्हा वासोटा बंद, सुट्टीच्या दिवशी कासच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि पठारावर जायला आधी ऑनलाइन नोंदणी केलेली बरी. अशा वेळी बामणोलीत तासाभराची बोटफेरी आणि जेवण, एवढंच पदरात पडतं. कुटुंबाला तेवढंच हवं असेल तर हरकत नाही. महाबळेश्वरला उतरला असाल तर तीच बोटफेरी तापोळ्यालाही मिळते, त्यासाठी साताऱ्याहून वळसा घालू नका.

जेवणाचं म्हणाल तर शेंडीकडे नागलीची भाकरी, गावरान कोंबडी आणि नशीब असेल तर काळभात हा इथला तांदूळ. बामणोलीत धरणातले मासे आणि तांदळाची भाकरी. दोन्हीकडे खानावळवाले सांगितल्याशिवाय रांधत नाहीत, तेव्हा सकाळी बाहेर पडतानाच रात्रीची ताटं मोजून सांगा. काठावरचे तंबू घेणार असाल तर संडास किती तंबूंमागे एक आहे आणि रात्री स्पीकर किती वाजेपर्यंत चालतो, हे दोन प्रश्न आगाऊ पैसे भरण्याआधी विचारा. पाणी ओसरलेल्या काठावर पोहायला उतरू नका. वरून सुकलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि पुढे तळ एकदम खोल जातो.

परतीचा हिशेबही आताच करून ठेवा. शेंडीहून रविवारी दुपारी दोनला निघालात तर रात्रीचं जेवण घरी होईल, चारनंतर निघालात तर भिवंडी-ठाण्याच्या कोंडीत सापडाल. वासोट्याची बोटच संध्याकाळी सहाला बामणोलीला लागते आणि पुढे कासचा वळणांचा रस्ता अंधारात, तोही दमलेल्या ड्रायव्हरच्या हातात. म्हणून वासोटा शनिवारी करा, नाहीतर सोमवारची रजा टाका.