ओपन एडएक्सवर आपोआप तपासली जाणारी गणितं लिहिताना: सत्रभर वापरल्यानंतर

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राचा गृहपाठ सत्रभर ओपन एडएक्सवर (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याचं खुलं सॉफ्टवेअर) लिहिल्यानंतरचं माझं मत असं आहे: प्रश्न लिहिण्याचे एक्सएमएल टॅग शिकायला एक दुपार पुरते. वेळ जातो तो टॉलरन्स, म्हणजे उत्तरात किती फरक चालेल ते, ठरवण्यात आणि विद्यार्थी कुठली चुकीची उत्तरं देतील याचा आधी विचार करण्यात. तो वेळ द्यायची तयारी असेल तर हे साधन उत्तम आहे. नसेल तर बहुपर्यायी प्रश्नच द्यावेत.

या टॅगांचं मूळ मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लॉन-कापा प्रणालीत आहे. तिथे स्क्रिप्ट (प्रश्नातले आकडे आणि उत्तर काढणारा कोड) पर्लमध्ये लिहितात, इथे पायथनमध्ये. पण स्क्रिप्ट टॅगचा टाइप आजही 'लॉनकापा/पायथन' असाच लिहावा लागतो. एडएक्सने २०१३ मध्ये हे सॉफ्टवेअर खुलं केलं. आयआयटी मुंबईचं आयआयटीबॉम्बेएक्स त्याच्यावरच उभं आहे, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच शिक्षकांची याच टॅगांशी गाठ पडते.

रचना सोपी आहे. स्टुडिओत (अभ्यासक्रम तयार करायच्या भागात) रिकामा अ‍ॅडव्हान्स्ड प्रॉब्लेम घ्यायचा. साध्या एडिटरमधून अ‍ॅडव्हान्स्डमध्ये गेलं की परत येता येत नाही, म्हणून स्क्रिप्ट लागणार असेल तर सुरुवातच इथून करावी. प्रॉब्लेम टॅगच्या आत आधी स्क्रिप्ट, मग प्रश्नाचा मजकूर, मग आकडी उत्तर तपासणारा न्यूमरिकलरिस्पॉन्स. त्याच्या पोटात टॉलरन्ससाठी रिस्पॉन्सपॅराम आणि उत्तराच्या चौकटीसाठी फॉर्म्युलाइक्वेशनइनपुट. शेवटी सोल्यूशन. स्क्रिप्टमधलं चल मजकुरात आणायचं तर त्याच्या नावाआधी $ लावायचं. प्रश्नात ३.३०००००००००००००३ असलं काही दिसू नये म्हणून आकडा स्क्रिप्टमध्येच आधी राउंड करावा, आणि उत्तर त्या राउंड केलेल्या, म्हणजे विद्यार्थ्याला दिसणाऱ्या आकड्यावरूनच काढावं.

आता प्रक्षेप्याचा पल्ला घ्या: वेगाचा वर्ग गुणिले साइन २θ, भागिले g. वेग २० मीटर प्रति सेकंद, कोन ३०°, g ९.८ धरला तर उत्तर ३५.३५ मीटर. कोन रँडम घ्यायचा म्हणून २० ते ७० मधला कुठलाही पूर्णांक उचलला तर कधीतरी ६० येतो, आणि साइन ६० व साइन १२० सारखेच. म्हणजे २θ विसरून नुसता θ वापरणाऱ्यालाही पूर्ण गुण! ६० च्या आसपासच्या कोनांतही दोन्ही उत्तरं टॉलरन्सच्या आत येऊ शकतात. म्हणून रेंज देण्याऐवजी यादी द्यावी: २५, ३०, ३५, ४०, ५०. प्रत्येक सूत्रासाठी हा प्रश्न विचारावाच लागतो: कोणत्या आकड्यांवर चुकीची रीतही बरोबर ठरते?

टॉलरन्सचं पुढे. काहीच लिहिलं नाही तर प्रणाली ०.००१ टक्के धरते, आणि दोन दशांशांपर्यंत नीट उत्तर देणारेही चूक ठरतात. दोन टक्के ठेवला तर वेगळीच अडचण. g १० धरणाऱ्याचं उत्तर बरोबर २ टक्क्यांनी कमी येतं, म्हणजे नेमकं सीमेवर, आणि त्याने राउंड वर केलं की खाली एवढ्यावर निकाल ठरतो. g किती धरायचा ते प्रश्नात लिहावं आणि टॉलरन्स १ टक्का ठेवावा. टक्केवारी मोजली जाते शिक्षकाच्या उत्तरावर. उत्तर शून्य असेल तर टॉलरन्सही शून्य. त्यातून कॉस ९० पायथनमध्ये ६ × १०⁻¹⁷ च्या आसपास येतो, म्हणून कार्याच्या गणितात विद्यार्थ्याने लिहिलेलं अचूक ० चूक ठरतं. शून्याजवळच्या उत्तरांना टक्के नकोत, ०.०१ असा थेट आकडा द्यावा.

चौकटीत नुसता आकडाच नव्हे, २*३ सारखी राशीही चालते, पण साइन रेडियनमध्ये धरला जातो, गुणाकाराला * लागतो आणि एकक लिहिलं तर उत्तर अवैध ठरतं. एकक ट्रेलिंग_टेक्स्ट या गुणधर्माने चौकटीबाहेर दाखवावं.

माझ्या मते या साधनाचं खरं मोल कस्टमरिस्पॉन्समध्ये, म्हणजे तपासणीचं फंक्शन आपणच लिहायच्या टॅगमध्ये, आहे. न्यूमरिकलरिस्पॉन्समध्ये ठरावीक चुकीच्या उत्तराला ठरावीक सूचना देता येत नाही. कस्टमरिस्पॉन्समध्ये सीएफएन या गुणधर्मात आपल्या फंक्शनचं नाव द्यायचं. फंक्शनला अपेक्षित आणि दिलेलं उत्तर मिळतं, आणि ते ओके (बरोबर की चूक), एमएसजी (सूचना), ग्रेड_डेसिमल (गुणांचा अंश) अशा नोंदींची डिक्शनरी परत देतं. वरच्या गणितात २०.४१ आलं तर 'साइनच्या आत दुप्पट कोन हवा', उणे १२.४४ आलं तर 'कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे'. या दोन ओळींनी विद्यार्थी स्वतःहून चुकीपर्यंत पोचतो, नुसत्या लाल फुलीने पोचत नाही. उत्तर नेहमी स्ट्रिंग म्हणून येतं. फ्लोटमध्ये बदलताना ट्राय-एक्सेप्ट घातलं नाही तर विद्यार्थ्याला निरर्थक एरर दिसते. राशी मात्र इथे चालत नाही, आकडाच लागतो.

रँडमायझेशनची सेटिंग मुळात 'नेव्हर' असते, त्यामुळे स्क्रिप्ट कितीही चांगली असली तरी सगळ्यांना एकच आकडे जातात. 'पर स्टुडंट' केलं तर जास्तीत जास्त २० वेगवेगळे संच तयार होतात. साठ जणांच्या वर्गात प्रत्येक संच अनेकांना जाणार हे धरून चालावं. आकडे पायथनच्या रँडम मॉड्यूलनेच काढावेत, कारण विद्यार्थ्याचं सीड (ज्यावरून त्याचे रँडम आकडे ठरतात तो मूळ आकडा) त्या मॉड्यूललाच दिलं जातं. स्क्रिप्ट आधी आपल्या संगणकावर हजार वेळा फिरवून सर्वात लहान, सर्वात मोठं आणि ऋण उत्तर पाहावं. २०२० च्या ज्युनिपर आवृत्तीपासून पायथन ३ आहे. त्याआधीचा अभ्यासक्रम आयात केला तर त्यातल्या पायथन २ च्या स्क्रिप्ट पुन्हा तपासाव्यात.

एक्सएमएलच्या खोड्या थोड्या. स्क्रिप्टमध्ये < आलं की फाईल मोडते, म्हणून तुलना उलटवून > वापरावी. लाटेकमध्ये (गणिती सूत्रं लिहिण्याची भाषा) लिहिलेल्या मॅट्रिक्समधला & सुटा चालत नाही. थीटासारख्या लाटेक शब्दासाठी रॉ स्ट्रिंग घ्यावी, नाहीतर बॅकस्लॅश आणि टी मिळून टॅब होतो.

मराठीत उत्तर घ्यायचं तर तयारी जास्त लागते. न्यूमरिकलरिस्पॉन्सच्या चौकटीला '५.२' समजत नाही, पण पायथन ३ चा फ्लोट देवनागरी अंक नीट वाचतो, म्हणून मराठी माध्यमासाठी कस्टमरिस्पॉन्सच बरा. '१,२५,०००' मधले स्वल्पविराम आधी काढून टाकावेत. शब्दांत उत्तर असेल तर 'वाऱ्याचा' आणि 'वार्‍याचा' पडद्यावर सारखेच दिसतात, पण एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात र्-नंतर न दिसणारा जोडक. तुलना फसते आणि विद्यार्थ्याला कारण कळत नाही. युनिकोडच्या एनएफसी रूपानेही (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या साठवणी एकसारख्या करण्याची पद्धत) हे सुटत नाही. फंक्शनमध्ये दुसरं रूप पहिल्यात बदलूनच तुलना करावी.

प्रश्न सुरू झाल्यावर दुरुस्ती केली तर आधी दिलेली उत्तरं आपोआप पुन्हा तपासली जात नाहीत. रीस्कोअर (पुन्हा गुण देण्याची आज्ञा) चालवावं लागतं, आणि त्यात 'गुण वाढले तरच' हा पर्याय निवडावा. मधेच नवा उपप्रश्न कधीही घालू नये. उत्तरं चौकटीच्या क्रमांकाने साठवलेली असतात, त्यामुळे दुसऱ्या उपप्रश्नाची जुनी उत्तरं नव्या उपप्रश्नाच्या चौकटीत जाऊन बसतात. भर घालायचीच असेल तर ती शेवटी घालावी, नाहीतर वेगळा प्रॉब्लेम करावा.