संकुलासमोरच्या नव्या चौकात अकरा महिने

गेल्या जूनमध्ये, मृग लागायच्या चार-पाच दिवस आधी, छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात आमच्या व्यापारी संकुलासमोरचा चौक नव्यानं खुला झाला. तेव्हाच बऱ्याच जणांनी पाच तारे देऊन टाकले. मी थांबले. झाडं लावलेल्या जागेबद्दलचं मत एका पावसाळ्यात बनत नाही, आणि आपल्याकडचा उन्हाळा काढल्याशिवाय तर नाहीच. आता मे संपत आलाय. आठवड्यातले सहा दिवस मी हा चौक वापरलाय, म्हणून आता लिहायला बसले.

माझं जीएसटी आणि प्राप्तिकराची रिटर्न्स भरायचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, खिडकी थेट चौकावर. एरवी सातला निघते, पण महिन्याच्या वीस तारखेआधी दोन-तीन दिवस रात्रीचे दहाही वाजतात. त्यामुळे सकाळचा, भर दुपारचा आणि रात्रीचा, तिन्ही वेळचा चौक पाहून झालाय.

आधी इथे चौक म्हणावं असं काही नव्हतंच. उखडलेलं डांबर, कशाही लावलेल्या मोटारसायकली, पावसात घोट्याएवढा चिखल आणि मधोमध दोन जुने कडुनिंब. आता गाड्या बेसमेंटमध्ये गेल्या. वर गट्टू बसवून चालायला मोकळी जागा केली, बाकं आली, दिवे आले, लॉन आलं, पाम आले, चौदा बहावे लावले. एवढ्यावरच मी म्हणेन की फार चांगलं काम झालं. वयस्कर अशील आता रिक्षातून उतरून दारापर्यंत न अडखळता येतात. जुनं परत नको, हे आधीच सांगते.

पण अकरा महिन्यांत एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर आहे. सगळ्यात जास्त पैसा जिथे गेला ती लॉन-पामची बाजू दुपारी ओस असते. आणि ज्या कडुनिंबाला कुणी हातच लावला नाही, त्याच्या पारावर दुपारी टेकायला जागा मिळत नाही.

त्या कडुनिंबाखाली शेंदूर लावलेला म्हसोबा आहे. म्हणून त्याच्या पाराला, आजूबाजूच्या मातीला कुणी धक्का लावला नाही. दुसरा कडुनिंब चाळीस पावलांवर. त्याखाली देव नाही, त्यामुळे गट्टू थेट बुंध्याला भिडवले आणि सांधे सिमेंटनं भरले. ऑक्टोबरपर्यंत त्याचे शेंडे वाळायला लागले. आमच्याच मजल्यावरच्या वकील मॅडमनी राष्ट्रीय हरित लवादाचा २३ एप्रिल २०१३ चा आदेश काढून दाखवला. तो दिल्लीपुरता आहे, पण त्यात झाडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलंय. त्याचा आधार घेऊन आम्ही अर्ज केला. तीन महिन्यांनी दोन माणसं आली आणि बुंध्याभोवतीचे गट्टू उचलून गेली. यंदा पाडव्याला त्या झाडाला पालवी आली, विरळ, पण आली. तो दिवस मला चांगला आठवतो, कारण खालच्या झेरॉक्सवाल्या दादांनी वर येऊन मला खिडकीशी बोलावलं होतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात फ्रिज-एसी दुरुस्तीच्या दुकानातून इन्फ्रारेड थर्मामीटर मागून घेतला आणि दुपारी तीनला चौकात फिरले. हवेचं तापमान ४१ अंश होतं. उन्हातले गट्टू ५८. ग्रॅनाइटचं बाक ५५, म्हणजे त्यावर बसणं सोडाच, हातही ठेववत नव्हता. लॉन ३८. म्हसोबाच्या पारावरची माती ३५. लॉन आणि पार यांत आकड्याचा फरक थोडा दिसतो, पण लॉनवर उभं राहिलं की डोक्यावर ऊन असतं आणि पारावर नसतं. सगळी बाकं लॉनच्या कडेनं आहेत. नकाशावर ती छान दिसली असतील.

लॉनच्या पाण्याचा हिशेब मी स्वतः करून पाहिला. साधारण २०० चौरस मीटरचं लॉन आहे. भर उन्हाळ्यात दर चौरस मीटरला दिवसाला ५-६ लिटर पाणी लागतं, म्हणजे रोज हजार-बाराशे लिटर. ५,००० लिटरचा टँकर चार-पाच दिवसांत संपतो. ज्या शहरात घरचा नळ कित्येक दिवसांआड येतो, ज्या शहराला पैठणहून, नाथसागरातून पाणी वर चढवून आणावं लागतं, तिथे टँकर गवतावर रिकामा होताना पाहून मला खरंच वाईट वाटतं. त्याच वेळी संकुलाच्या गच्चीवरचं पाणी पावसाळाभर पन्हाळ्यांतून गटारात गेलं. गच्ची हजार चौरस मीटरची आहे. आपल्याकडे वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे ७ लाख लिटर, १४० टँकर. त्यातलं निम्मं जरी बोअरशेजारी मुरवलं असतं तरी बहाव्यांचा उन्हाळा निघाला असता. याच शहरात पाणचक्की आहे. डोंगरातलं पाणी नळातून आणायचं, उंचावरून पाडून त्यावर जातं फिरवायचं, मग हौदात साठवायचं आणि हौदाखालच्या दालनात माणसांनी गारव्याला बसायचं. एकाच पाण्याला तीन कामं लावणारी माणसं इथेच होऊन गेली. आपण नवा चौक करताना ती जागा एकदा नीट बघून यायला हवी होती.

आता बहाव्यांबद्दल, कारण यातून मी सगळ्यात जास्त शिकले.

चौदा रोपं, प्रत्येकी पुरुषभर उंच, जूनमध्ये लागली. ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडायला लागली. ठेकेदाराचा माणूस म्हणाला पाणी कमी पडतंय, आणि पावसाळ्यात रोज नळी सोडायला लागला. गणपतीपर्यंत चार झाडं गेली. तेव्हा संकुलात नवे वॉचमन आले होते, जालन्याकडचे, आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांची मोसंबीची बाग होती, २०१२-१३ च्या दुष्काळात ती वाळली, तेव्हापासून शहरात आहेत. त्यांनी दोन दिवस नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "ताई, ही झाडं उन्हानं नाही मरायलीत, पाण्यानं मरायलीत."

त्यांनी पहार आणली आणि मेलेल्या एका झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर खोदलं. दीड फुटावर पाणी लागलं. काळं, गटारासारखा वास येणारं. एक मूळ धरून ओढलं तर वरची साल सरकून बोटांत आली आणि आत दोऱ्यासारखी काडी राहिली. "हे बघा, मूळ सडलं. त्याला श्वास कुठून मिळंल?"

कारण साधं होतं. गट्टू बसवण्याआधी सगळीकडे मुरूम टाकून रोलर फिरवलेला. त्या दाबलेल्या मुरमात जेसीबीनं खड्डे काढले आणि बाहेरून आणलेली काळी माती भरली. काळी माती पाणी धरून ठेवते, खालचा मुरूम दगडासारखा घट्ट, मग पाणी जाणार कुठे? प्रत्येक खड्ड्याचा हौद झाला होता. मामांनी उरलेल्या दहा झाडांच्या खड्ड्यांत कडेनं पहारीची खोल भोकं पाडली, मुरूम फुटेपर्यंत, आणि त्यांत खडी भरली. आणखी दोन झाडं गेली. आठ वाचली.

मग त्यांनी आळी बदलली. मोसंबीच्या बुंध्याला पाणी लागून राहिलं की डिंक्या रोग येतो, म्हणून बागायतदार दुहेरी आळं करतात. आतला गोल मातीनं उंच आणि कोरडा, पाणी फक्त बाहेरच्या गोलात. तेच त्यांनी इथे केलं. रोजची नळी बंद. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण भरपूर. "रोज वरवर पाजलं की मुळं वरच फिरतेत. आठ दिसाला द्या, मंग ती खाली जातेत पाण्याच्या मागं." ठिबकच्या नळ्या होत्या, पण बोअरच्या क्षारानं ड्रिपर फेब्रुवारीतच बुजले होते, आणि ते साफ करायचं काम कुणाच्याच यादीत नव्हतं.

आठही झाडं आज जिवंत आहेत. तरीही मला स्पष्ट लिहायला हवं की बाकांजवळ बहावा लावणं चूकच आहे. बहावा चैत्र-वैशाखात पानं गाळून फुलतो. पिवळे घोस लटकतात तेव्हा नजर हटत नाही, पण नेमकी सावली हवी तेव्हा अंगावर पान नसतं. कडुनिंब पाडव्याच्या सुमाराला पालवतो, पिंपळ पालवतो, करंज एप्रिलमध्ये नव्या पानांनी दाट होतो. बसायच्या जागेवर करंज हवा होता आणि बहावा रस्त्याच्या कडेला, जाता-येता दिसेल असा.

पामांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ते बेसमेंटच्या स्लॅबवर आहेत, तिथे माती दीड फूट, त्यामुळे मोठं झाड लागूच शकत नाही. माझा भाचा पॅरिसजवळच्या ला देफाँसमध्ये दीड वर्ष नोकरीला होता. १९५८ पासून उभा राहिलेला तो व्यापारी भाग, गाड्या खाली आणि माणसं वर, अशी रचना. तिथेही मोठा भाग स्लॅबच आहे, आणि आता फरसबंदी कमी करून हिरवळ वाढवायचं काम चाललंय. तो म्हणतो, स्लॅबवर माती किती खोल ठेवायची हे इमारत बांधतानाच ठरलं पाहिजे, नंतर फक्त कुंड्या ठेवता येतात. आपल्याकडे नवी संकुलं उठतायत, त्यांचे नकाशे काढणाऱ्यांनी एवढं तरी मनावर घ्यावं.

मागच्या कुंपणाला कोनोकार्पसची रांग लावली होती, लवकर हिरवं दिसावं म्हणून. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली, परागकणांचा त्रास आणि मुळं पाइपलाइनमध्ये घुसतात म्हणून. आम्ही हे दाखवल्यावर हिवाळ्यात ती रांग काढली, ऐकलं त्याबद्दल आभार. तिथे अजून दुसरं काही लावलेलं नाही.

दिवे उत्तम. रात्री दहाला मी एकटी निघते तेव्हा कोपरा न् कोपरा दिसतो. पण नुसत्या दिव्यांनी भीती जात नाही, हेही इथेच कळलं. नूतनीकरणात चहाची गाडी आणि रसवंती दोन्ही हटवली होती. हिवाळ्यात सातनंतर चौक लखलखीत आणि रिकामा असायचा, आणि आम्ही ऑफिसातल्या बायका गटानंच बाहेर पडायचो. फेब्रुवारीत रसवंतीवाल्या काकू कडेच्या पट्ट्यात परत आल्या. घुंगरांचा आवाज सुरू झाला, कोचिंगची पोरं थांबायला लागली, साडेनऊपर्यंत वर्दळ असते. मला विचाराल तर अकरा महिन्यांतली सगळ्यात मोठी सुधारणा हीच, आणि तिला एक रुपयाही लागला नाही. काकूंना रीतसर जागा आणि परवाना मिळाला पाहिजे.

स्वच्छतागृह आहे, पण कुलूप असतं आणि किल्ली तळमजल्यावर कुणाकडे आहे ते रोज विचारावं लागतं. बाईमाणसासाठी बांधलेली सोय अशी ठेवू नये. रॅम्पचा चढ १२ फुटांना १ फूट यापेक्षा जास्त नको असा नियम आहे. इथला त्याहून उभा आहे, आणि माझे एक चाकाच्या खुर्चीवरचे अशील अजूनही दोघांनी धरल्याशिवाय वर येत नाहीत. गाड्या अडवायला लावलेल्या खांबांमधली फट एवढी आहे की स्कूटी आरामात आत येते.

मी साडेतीन तारे देते आहे. मामांनी वाचवलेली झाडं आणि काकू नसत्या तर अडीच दिले असते. येणार असाल तर बारा ते चार म्हसोबाच्या पारावर बसा, शेजारी रांजण भरलेला असतो. संध्याकाळी सहानंतर बाकं निवतात.

देखभालीचा ठेका एका वर्षाचा होता, येत्या जूनला संपतो. पुढे पाणी कोण घालणार याचं उत्तर अजून आलेलं नाही. बहाव्यांचा घेर वाढलाय, म्हणजे पावसाआधी बाहेरची आळी फूटभर सरकवायला हवीत, आणि त्यासाठी गट्ट्यांची एक ओळ उचलावी लागेल. बावीस गाळेधारकांच्या सह्यांचा अर्ज मागच्या सोमवारी दिलाय. मामांनी वाट न बघता खडूनं गोल आखून ठेवलेत, थेट गट्ट्यांवर, आठ झाडांभोवती आठ.