पैसे न मागणारी नोकरी

नोकरी देण्याआधी जो पैसे मागतो तो लबाड, एवढं मला ठाऊक होतं. म्हणूनच मी फसले. या लोकांनी सुरुवातीला एक रुपयासुद्धा मागितला नाही.

2025 चा मे महिना. एस. वाय. बी. कॉम.ची परीक्षा आटोपली होती आणि बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी रिकामी बसले होते. नोकरीच्या एका साइटवर बायोडेटा टाकला, दुसऱ्याच दिवशी फोन. हिंदीत बोलणारी बाई, दर वाक्याला 'मॅम'. घरबसल्या डेटा एंट्री, पाच दिवसांत 450 फॉर्म, त्याचे 18,000 रुपये. फी किती, असं मीच विचारलं. "नहीं मॅम, हमारे यहाँ कोई फी नहीं है." आधार कार्डाचा फोटो, सेल्फी आणि कोऱ्या कागदावर सही करून तिचा फोटो, एवढंच पाठवायचं होतं. मग सहा पानी करारनामा आला. खाली माझी सही आधीच चिकटवलेली. मी पहिलं पान वाचलं. चौथ्या पानावर काय होतं ते नंतर कळलं: काम 90 टक्के अचूक नसेल, तर कंपनीचा खर्च मी भरून द्यायचा.

काम दिसायला सोपं. डावीकडे एक चित्र, त्यात कुणा परदेशी माणसाचं नाव, पत्ता, पॉलिसी नंबर; उजवीकडे रिकाम्या चौकटी. पण अक्षरं अशी पुसट की इंग्रजी एल कुठला आणि 1 कुठला, ओ कुठला आणि शून्य कुठलं, काही समजेना. कॉपी-पेस्ट बंद. आईच्या शिवणयंत्रावर लॅपटॉप ठेवून रात्री दीड-दीड वाजेपर्यंत मी टायपिंग करत होते. शेवटच्या दिवशी दुपारी साइटच उघडेना. उघडली संध्याकाळी सातला, आणि मुदत नऊची. 431 फॉर्म झाले.

सकाळी रिपोर्ट आला, 81 टक्के. कुठले चुकले, विचारलं तर म्हणे ते गोपनीय आहे.

खरं सांगू, मला त्यांचा संशय आलाच नाही. आपणच धांदरटपणा केला असं वाटलं. एवढ्या लोकांना जमतं, मला साधं टायपिंग जमलं नाही! म्हणून त्यांनी पोर्टलचा खर्च म्हणून 6,500 मागितले तेव्हा मी निमूट भरले. आईने भिशीचे पैसे माझ्या खात्यात ठेवले होते, त्यातूनच. चार दिवसांनी 'एनओसी'चे, म्हणजे ना-हरकत दाखल्याचे, 4,800. तेही भरले. मग एक 'वकील' उगवला, त्याची नोटीस फोनवर आली. आज पाचपर्यंत 14,000 भरा, नाहीतर रावपुरा पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल होईल. रावपुरा हे नाव ऐकून माझे हातपाय गार पडले. आमचं ठाणं याला कसं माहीत? पत्ता माझ्याच आधार कार्डावर होता, हे तेव्हा सुचलंच नाही.

आईला सांगायची हिंमत नव्हती. शेजारचे काका कोर्टातून निवृत्त झालेले. दिवाळीपुऱ्याची नवी इमारत व्हायच्या आधी, कोर्ट सूरसागरजवळच्या न्यायमंदिरात भरायचं तेव्हापासून तिथे कारकून. झोपाळ्यावर बसून त्यांनी माझ्या फोनवरचे कागद बोटांनी मोठे करकरून पाहिले.

"कंपनी कुठली म्हणालीस?"

"अहमदाबादची, काका."

"मग हा छापील स्टॅम्प पेपर कुठून आला? गुजरातेत तो 2019 च्या ऑक्टोबरपासून बंद आहे. आता सगळं ई-स्टॅम्पिंग." मग नोटरीचा शिक्का दाखवला. शिक्का होता त्या दोन्ही पानांवर तो तितकाच तिरपा, आणि दोन्हीकडे शाई नेमकी एकाच अक्षरावर तुटलेली. हाताने दोनदा मारलेला शिक्का असा एकसारखा उठत नाही. हे एकच चित्र दोनदा चिकटवलेलं. नोटिशीवर तर ते हसलेच. "भारतीय दंड संहिता, कलम 420! अगं, 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता लागू झाली. तुझं काम 2025 चं. आता फसवणुकीला कलम 318 लागतं. वकिलाला एवढं माहीत नाही? हे तर साव खोटं आहे." (साव म्हणजे साफ. बडोद्याच्या मराठीत असे शब्द गुजरातीतून येतात, त्याला इलाज नाही.)

त्यांनी आणखी एक सांगितलं. समजा करार खरा असता आणि माझं कामही खरंच चुकलं असतं, तरी तो दिवाणी वाद झाला असता. त्यासाठी पोलीस धरून नेत नाहीत. आणि पाच वाजेपर्यंत यूपीआयने पैसे पाठवा, असं कुठलं कोर्ट सांगतं?

त्यांच्याच फोनवरून 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तक्रार केली. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर विचारला, तो बँकेच्या ॲपमध्ये मिळाला. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर स्क्रीनशॉट आणि करारनामा चढवला. पहिले पैसे जाऊन तोवर नऊ दिवस झाले होते. पैसे ज्या खात्यात जातात तिथून पुढच्या खात्यात आणि मग रोखीने बाहेर पडायच्या आत अडवता आले तरच काही हाती लागतं; पहिल्या काही तासांतच फोन करायला हवा होता. मी ते नऊ दिवस एकटीच झुरत होते. आधारची बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे वगैरे) मात्र त्याच संध्याकाळी लॉक करून टाकली. आणि तेव्हा कळलं की शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क केलेलं आधारही डाउनलोड करता येतं.

'वकिला'चे फोन पुढे तीन आठवडे वेगवेगळ्या नंबरांवरून येत राहिले. एकदा काकांनी उचलला आणि त्याची वकिलीची सनद कुठल्या बार कौन्सिलची, एवढंच विचारलं. तो फोन कट झाला, तसा पुन्हा आला नाही.

पैसे परत मिळालेले नाहीत. आईचे 11,300 मी महिन्याला हजार-हजार करून फेडते आहे. गल्लीतल्या तिसरीच्या दोन मुलांची शिकवणी घेते. एक तारखेला रोख मिळतात, आणि अजून तरी कोणी आधार कार्ड मागितलेलं नाही.