एसएक्स-७० की पोलरॉइड नाऊ: काही महिन्यांच्या वापरानंतर

जुना पोलरॉइड एसएक्स-७० आणि नवा पोलरॉइड नाऊ हे बटण दाबताच कागदी चित्र बाहेर देणारे दोन्ही कॅमेरे मी गेले काही महिने आलटून-पालटून वापरत आहे. कोणता घ्यावा असे विचारणाऱ्याला माझे पहिले सांगणे हे, की कॅमेऱ्याआधी फिल्मचा विचार करावा. कारण चित्राचे रंग, लागणारा उजेड आणि पुढचा खर्च या तिन्ही गोष्टी शेवटी फिल्मच ठरवते.

एसएक्स-७० हा कॅमेरा १९७२ सालचा. त्याच्या फिल्मचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याच्या क्षमतेचा आकडा, साधारण १६० आहे, तर नाऊमध्ये लागणाऱ्या आय-टाइप फिल्मचा ६४०, म्हणजे चौपट. संध्याकाळी खोलीत बसलेल्या माणसाचे चित्र घेऊ लागलो की या आकड्यांचा अर्थ कळतो. एसएक्स-७०ची लेन्स एफ/८ची, म्हणजे कमी उजेड आत घेणारी, आहे आणि अंगचा फ्लॅश त्याला नाही, त्यामुळे उजेड मंदावला की शटर बराच वेळ उघडे राहते आणि तिवईशिवाय चित्र हलते. नाऊला फ्लॅश आहे, ऑटोफोकस आहे आणि चारचौघांत गप्पा चालू असताना काढलेली चित्रे त्यात सहसा वाया जात नाहीत. घरच्या समारंभांसाठी कॅमेरा हवा असेल, तर जुन्याच्या मोहात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वच्छ उजेडात मात्र पारडे फिरते. एसएक्स-७०मध्ये लेन्समधूनच दृश्य दिसते आणि जेमतेम २६ सेंटीमीटरवरच्या वस्तूवरही फोकस करता येतो. माझ्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये एक लहान वर्तुळ आहे. त्यात पानाचा देठ आधी दोन तुकड्यांत दिसतो, आणि पुढची चक्री बोटाने हळूहळू फिरवत गेले की ते तुकडे सरकत येऊन नेमके जुळतात. त्या क्षणी बटण दाबले, तर पानाच्या बारीक शिराही चित्रात उमटतात. नाऊ इतक्या जवळ पोहोचतच नाही, आणि त्याचा व्ह्यूफाइंडर लेन्सपासून वेगळा असल्यामुळे जवळच्या चित्रात वस्तू अपेक्षेपेक्षा बाजूला सरकलेली येते.

बॅटरीच्या बाबतीत अनेकांचा अंदाज उलटा असतो. एसएक्स-७०ची बॅटरी फिल्मच्या पाकिटातच असते, त्यामुळे प्रत्येक पाकिटाबरोबर कॅमेऱ्याला नवी वीज मिळते आणि इतक्या जुन्या यंत्राला चार्जर लागत नाही. नाऊची बॅटरी आतच बसवलेली आहे, ती वर्षांगणिक क्षीण होणारच. मात्र बॅटरीविना येणारी आय-टाइप फिल्म स्वस्त पडते, आणि ती जुन्या कॅमेऱ्यात चालत नाही.

जुना कॅमेरा घेतला म्हणून जुने रंग मिळतील, ही अपेक्षा ठेवू नये. पोलरॉइडने २००८ साली फिल्म बंद करण्याचे जाहीर केले. नंतर नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील कारखान्यात इम्पॉसिबल प्रोजेक्ट या कंपनीने नवी रसायने जुळवून २०१०पासून ती पुन्हा आणली. पूर्वी पाकिटात १० चित्रे असत, आता ८ असतात. म्हणून जुन्या कॅमेऱ्यावरचा उरलेल्या चित्रांचा आकडा २वर आला की फिल्म संपली असे समजावे. रंगीत चित्र उमटायला १० ते १५ मिनिटे लागतात आणि तापमान १३ ते २८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे लागते. थंडीत रंग हिरवट होतात, उष्णतेत पिवळट. बाहेर येणाऱ्या चित्रावर लगेच उजेड पडू नये म्हणून नाऊमध्ये आपोआप उलगडणारा पडदा आहे. एसएक्स-७०ला तो वेगळा बसवावा लागतो, आणि तो बसवाच.

ज्यांना केवळ झटपट आणि भरवशाचे चित्र हवे आहे, त्यांनी फुजीफिल्मच्या इन्स्टॅक्सचाही विचार करावा. ८०० आयएसओची ती फिल्म लवकर उमटते आणि तिचे रंग स्वच्छ असतात, फक्त इन्स्टॅक्स मिनी या लहान प्रकारातले चित्र ६२ × ४६ मिलिमीटर इतकेच असते.

एसएक्स-७० घ्यायचे ठरले, तर एक रिकामे पाकीट बरोबर न्यावे. संपलेल्या पाकिटातही बहुधा पुरेशी वीज उरलेली असते. ते घालून बटण दाबावे आणि मोटर न अडखळता फिरते का ते ऐकावे. मग पुढचे दार उघडून रोलर पाहावेत. त्यांवर वाळलेले रसायन असेल, तर प्रत्येक चित्रावर समान अंतराने ठिपके येतात, पण ते किंचित ओलसर मऊ कापडाने निघते. भात्याला, म्हणजे कॅमेरा उघडताना पसरणाऱ्या घडीच्या भागाला, भोक असेल, तर तो कॅमेरा घेऊ नये.