पहिल्या मॅरेथॉनला जेल की खजूर?

४२ किलोमीटर धावताना पोटाला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. प्रश्न एवढाच, ती कशातून घ्यायची: एनर्जी जेलमधून, म्हणजे छोट्या पाकिटातल्या साखरेच्या घट्ट पाकातून, की खजुरातून.

ऊर्जा दोन्हींत जवळपास सारखीच. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम, बिया काढलेल्या चार लहान खजुरांतही तेवढीच. किमतीत मात्र तुलनाच नाही. एका जेलच्या पैशात पाव किलो साधा खजूर येतो.

खरा फरक पडतो तो पचनात. खजुरात तंतू असतात, शिवाय तो चावावा लागतो. धाप लागलेली असताना, विशेषतः तिसाव्या किलोमीटरनंतर, घास तोंडात घोळत राहतो आणि पोट जड होतं. जेल चटकन उतरतं, पण त्यावर दीड-दोनशे मिली साधं पाणीच हवं. वर एनर्जी ड्रिंक प्यायलात तर पोटात साखर दाट होते, मळमळ किंवा कळ येते. काही जेलमध्ये कॅफीन असतं, पाकीट वाचा.

मुंबईच्या दमट हवेत मीठही जातं. त्यासाठी ओआरएस वेगळं, घोटघोट.

आरामात, मध्ये चालत पाच-साडेपाच तासांत पोहोचणाऱ्याला खजूर पुरतो. सलग, वेगात धावणाऱ्याने पहिलं जेल चाळीसाव्या मिनिटाला, पुढे दर ३५-४० मिनिटांनी घ्यावं. जे निवडाल ते आधी लांब पल्ल्याच्या सरावात तीन-चारदा पोटाला दाखवा.