डुक्कर बेशुद्ध करताना: चिमटा, बोल्ट पिस्तूल की गॅस?

दिवसाला दहा-वीस डुकरं कापणारा लहान कत्तलखाना चालवत असाल किंवा उभारत असाल, तर आमचा कौल आधीच सांगतो: कापण्याआधी डुक्कर बेशुद्ध करायला विजेचा चिमटा घ्या, चांगला ॲमीटर (प्रवाह मोजणारं मीटर) असलेला घ्या आणि जोडीला एक बोल्ट पिस्तूल (काडतुसाच्या जोराने पोलादी दांडा कवटीत घुसवणारं हत्यार) तयार ठेवा. गॅसच्या वाटेला जाऊ नका. भारतातल्या २०११ च्या अन्नसुरक्षा परवाना नियमांत वीज, बोल्ट आणि कार्बन डायऑक्साइड या तिन्ही पद्धतींची नावं आहेत, पण जनावराच्या दृष्टीने आणि तुमच्या खिशाच्या दृष्टीने तिन्ही सारख्या नाहीत.

चिमट्याचं काम मेंदूतून वीज नेण्याचं. दोन्ही टोकं डोळा आणि कान यांच्या मधल्या जागेवर, डोक्याच्या दोन बाजूंना घट्ट दाबायची आणि मगच बटण. युरोपीय संघाच्या नियमात डुकरासाठी किमान १.३ ॲम्पिअर सांगितलंय. इतका प्रवाह डोक्यातून गेला की जनावर सेकंदाच्या आत शुद्ध हरपतं. बटण किमान ३ सेकंद दाबून ठेवा. टोक टेकताच डुक्कर किंचाळलं, तर समजा की बटण आधीच दाबलं गेलं होतं किंवा एकच टोक लागलं होतं. म्हणजे त्याला नुसता शॉक बसला.

प्रवाह कमी पडण्याची कारणं बहुतेक वेळा क्षुल्लक असतात. टोकांवर जळके केस आणि चरबीचा थर साचतो, त्यामुळे विरोध वाढतो. दर काही जनावरांनंतर तारेच्या ब्रशने टोकं घासा. डोकं ओलं करा, पण अख्खं जनावर भिजवू नका. नाहीतर वीज मेंदूत न शिरता कातडीवरून पळते. व्होल्टेज २४० च्या आसपास लागतं, आणि आपल्याकडे संध्याकाळी लाईनला ते टिकतंच असं नाही. म्हणून ॲमीटरकडे बघायची सवय लावा, बटणाच्या दिव्याकडे नाही. घरगुती वायर चिमट्याला जोडण्याचा जुगाड तर मुळीच नको. पृथक ट्रान्सफॉर्मर (चिमट्याची वीज मुख्य लाईनपासून वेगळी ठेवणारा) नसेल तर चिमटा धरणाऱ्याचाच जीव जाईल.

आता खरी मेख. नुसत्या डोक्याला दिलेल्या झटक्याने डुक्कर मरत नाही, मिनिटभरात शुद्धीवर येऊ शकतं. त्यामुळे १५ सेकंदांच्या आत सुरी गेलीच पाहिजे. छातीच्या हाडाच्या पुढच्या टोकाशी, शेपटीच्या दिशेने खुपसून हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्या तोडायच्या. गळ्याची वरवरची चीर पुरत नाही. सुरी, साखळी, माणूस सगळं जागेवर असल्याशिवाय चिमटा उचलूच नये.

ही घाई टाळण्याची सोपी युक्ती आहे: डोक्याला झटका दिल्यावर लगेच, तोच चिमटा छातीवर हृदयाच्या दोन्ही बाजूंना आणखी ३ सेकंद. ५० हर्ट्झच्या विजेने हृदय बंद पडतं आणि जनावर पुन्हा शुद्धीवर येत नाही. रक्त सावकाश वाहतं, पण पुरेसं निघतं, त्यामुळे सोरपोतेलसाठी (डुकराच्या मांसाचा गोव्याकडचा पदार्थ) रक्त धरणाऱ्यांनीही घाबरू नये. क्रम मात्र उलटा करू नका. शुद्धीतल्या जनावराच्या हृदयाला शॉक देणं म्हणजे छळ.

झटका नीट बसला की पुढचे पाय ताठ होतात, मागचे पोटाखाली ओढले जातात, श्वास थांबतो. मग पाय झाडणं सुरू होतं. ते पाहून नवखा माणूस हबकतो. पायांकडे नका बघू, बरगड्यांच्या मागची कूस आणि नाकपुड्या बघा. तिथे लयीत श्वास सुरू झाला, तर त्याच क्षणी पुन्हा बेशुद्ध करा.

बोल्ट पिस्तुलाला वीज लागत नाही, म्हणून जखमी जनावरासाठी किंवा चिमटा दगा देईल तेव्हा ते हवंच. निशाणा कपाळाच्या मध्यरेषेवर, डोळ्यांच्या रेषेपासून २ सेंटीमीटर वर, रोख शेपटीकडे. जुन्या माद्या आणि नरांच्या कवटीत मेंदूपुढे हवेच्या मोठ्या पोकळ्या असतात आणि मध्ये हाडाचा उंचवटा. तिथे ३-४ सेंटीमीटर वर आणि उंचवट्याच्या किंचित बाजूला लावा. दमट काडतूस आणि नळीतली काजळी यांनी बोल्टचा वेग पडतो. मुख्य पद्धत म्हणून आम्ही ते सुचवत नाही, कारण त्यानंतर जनावर इतक्या जोरात पाय झाडतं की सुरी घालणाऱ्याला धोका.

गॅसच्या यंत्रात डुकरं गटाने पाळण्यात (खाली-वर जाणाऱ्या पिंजऱ्यात) बसून ८० टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड असलेल्या खड्ड्यात उतरतात. एकेकट्याला पकडण्याची ओढाताण वाचते, मांसात रक्ताचे ठिपके कमी पडतात. मोठे युरोपीय कारखाने म्हणूनच ते वापरतात. पण शुद्ध हरपायला १५ ते ३० सेकंद लागतात. हा वायू नाकाच्या ओल्या अस्तराला झोंबतो, जनावर धापा टाकतं, ओरडतं, बाहेर निसटायला बघतं. ब्रिटनच्या पशुकल्याण परिषदेने २००३ मध्येच ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं होतं. आरगॉन हा दुसरा वायू कमी झोंबतो, पण वेळ जास्त घेतो. शिवाय जड वायू खड्ड्यात साचतो आणि खाली उतरलेला कामगार गुदमरतो.

पद्धत कुठलीही असो, बेशुद्ध करायच्या जागेपर्यंत डुक्कर घाबरलेलं पोचलं तर मांस फिकट, मऊ आणि पाणी सुटणारं होतं. चोरीससाठी (गोव्याकडचं मसालेदार सॉसेज) ते वाळवताना त्रास देतं. एकटं डुक्कर बिथरतं, म्हणून दोन-तीन एकत्र लहान कप्प्यात आणा, काठीऐवजी फळीने हळूहळू पुढे सरकवा.